चार मिरच्या न अकरा लिंबं

गणित शिकवण्यात अकोट तालुक्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं, असं माझं मीच म्हणते. दुसरं कोणी म्हणेल म्हणून वाट पाहत बसण्याइतका धीर माझ्यात नाही. तीस वर्षं अकोल्याहून एसटीनं रोज जायचे, जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांचे पाढे घोटून घ्यायचे आणि संध्याकाळी घसा बसवून जठारपेठेतल्या घरी यायचे. निवृत्त झाले तेव्हा वाटलं, सुटले. पण दीड वर्षातच मला पुन्हा नोकरी लागली. बिनपगारी होती आणि विद्यार्थिनी फ्रान्समध्ये होत्या.

झालं असं, की जावईबापू नांदगाव पेठेच्या एमआयडीसीत कापडाच्या कारखान्यात मशीनवर होते. त्या मशीन बनवणाऱ्या कंपनीनं त्यांना थेट फ्रान्सला बोलावून घेतलं. मुलगी, जावई आणि दोन नाती, सगळं बिऱ्हाड अमरावतीहून उठून तिकडच्या एका लहानशा गावात गेलं. थोरली नऊ वर्षांची, धाकटी सहाची. दोघींना तिथल्या सरकारी प्राथमिक शाळेत घातलं. मुलगी फोनवर रडवेली होऊन म्हणाली, "आई, भाषेचं कसं होईल गं यांचं?" मी म्हटलं, "भाषेचं होईल तेव्हा होईल. गणिताची तरी काळजी नाही. गणित सगळीकडे सारखं."

हे वाक्य मी इतक्या तोऱ्यात बोलले होते की आमचे हे अजून ते ऐकवतात.

पहिले दोन महिने धाकटीनं मजा केली. तिला आधी शंभरपर्यंत कुठल्याच भाषेत नीट येत नव्हतं, त्यामुळे जे कानावर पडलं ते तिनं गाण्यासारखं उचललं आणि फोनवर आम्हाला म्हणून दाखवायला लागली. थोरलीचं उलट झालं. अमरावतीच्या शाळेत ती गणितात पहिली यायची. तीसपर्यंत पाढे पाठ होते, पावकी आणि निमकी मी तिला हौसेनं शिकवली होती. एवढं सामान डोक्यात घेऊन ती तिथं गेली, आणि ते ठेवायला तिथं जागाच नव्हती.

तिकडे वर्गात पाटी असते हे कळल्यावर मला आधी आनंद झाला होता. पांढरी, प्लास्टिकची, रंगीत पेननं लिहून पुसायची, पण पाटीच. रोज सकाळी बाई एक एक संख्या किंवा छोटं गणित तोंडानं सांगतात. मुलांनी मनात करायचं, पाटीवर लिहायचं आणि बाईंनी टेबलावर टकटक केलं की सगळ्यांनी एकदम पाटी वर करायची. मला ही पद्धत फार आवडली. मी म्हटलं, यात आपली पोरगी सगळ्यांना पाणी पाजेल.

मग दिवाळीनंतर मुलीला शाळेत बोलावणं आलं. बाई तशा प्रेमळ होत्या म्हणे, पण सांगितलं ते स्पष्ट सांगितलं. थोरली पाटी कोरी वर करते. महिना झाला, एक अक्षर लिहीत नाही, एक शब्द बोलत नाही. नाताळच्या सुट्टीपर्यंत वाट पाहू, नाहीतर सुट्टीनंतर गणिताच्या तासाला तिला खालच्या वर्गात बसवू.

खालच्या वर्गात म्हणजे तिच्या खांद्याला लागणाऱ्या पोरांत. माझी नात. माझ्या डोक्याची शीरच उठली. मी तावातावानं म्हणाले, "त्या बाईचा नंबर दे मला. मी बोलते." मुलगी म्हणाली, "कोणत्या भाषेत बोलशील?" मी फोन ठेवला आणि ह्यांच्यावर ओरडले.

फ्रान्समध्ये बुधवारी शाळेला सुट्टी असते. तेव्हा ठरलं, दर बुधवारी दुपारी चार वाजता, म्हणजे तिकडे साडेअकराला, आजीची शिकवणी. पहिल्या बुधवारी मी इस्त्रीची साडी नेसून, चष्मा पुसून, वही-पेन घेऊन फोनसमोर बसले. थोरलीला विचारलं, "अडतं कुठं? भागाकार करून दाखव."

तिनं भाज्य डावीकडे लिहिलं. मग एक उभी रेघ मारली, भाजक उजवीकडे लिहिला आणि भागाकार त्या भाजकाच्या खाली.

"हे काय उलटंपालटं लिहून राहिली?"

"इथं असंच लिहितात, आजी."

"इथं चुकतात म्हणून तू चुकशील का? भाजक डावीकडे. पुन्हा लिही."

माझं ऐकून तिनं आठवडाभर भागाकार आपल्या पद्धतीनं केले. उत्तरं सगळी बरोबर. वही परत आली ती प्रत्येक गणितासमोर हिरव्या शाईचं प्रश्नचिन्ह घेऊन. साडेतीनमध्ये टिंबही मी असंच द्यायला लावलं होतं. ते लोक तिथं स्वल्पविराम देतात. म्हणजे माझ्या शिकवणीच्या पहिल्या आठवड्यात पोरीचं बरोबर असलेलंही चुकलं. आमचे हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "तू आनखी दोन आठोडे शिकव. पोट्टी थेट बालवाडीत जाईन."

हे मूळचे अकोटकडच्या खेड्यातले. बोलतात कमी, पण बोलले की झोंबतं.

दुसऱ्या बुधवारी मी जरा नमतं घेतलं. म्हटलं, "तुझं तू सांग. पाटीवर काय होतं?" पोरगी वहीचे कोपरे दुमडत बसली. मग मागून धाकटी ओरडली, "ताईनं सत्याण्णवला बेचाळीस हजार लिहिले!"

थोरलीनं तिला धपाटा घातला, मग दोघींची मारामारी, मग मुलीचा आरडाओरडा. हे सगळं शांत झाल्यावर उलगडा झाला तो असा. फ्रेंच माणसाकडे एकोणसत्तरपर्यंत सगळं रीतसर आहे. पण त्याला सत्तर नाही. तो साठ-दहा म्हणतो. एकाहत्तरला साठ-अकरा. ऐंशीही नाही, ऐंशीला चार-वीस. नव्वदला चार-वीस-दहा, आणि सत्याण्णवला चार-वीस-दहा-सात. बाईंनी ते म्हटलं आणि माझ्या गुणी नातीनं जसं कानावर पडलं तसं पाटीवर उतरवलं. चार, मग वीस, मग दहा-सात म्हणजे सतरा. ४२०१७. पाटी वर केली. मागचा सगळा वर्ग खिदळला. त्या दिवसापासून पाटी कोरी.

"चारशेवीस लिहितेत का थे?" हे म्हणाले. "मंग आपल्या पोट्टीची काय चूक? थेच चारसोबीस दिसून राहिले."

मलाही हसू आलं, पण थोरलीचा चेहरा पाहून मी ते गिळलं. नऊ वर्षांच्या पोरीला आपण हुशार आहोत हे माहीत असताना वर्गापुढे बुद्दू ठरणं काय असतं, ते त्या चेहऱ्यावर दिसत होतं. मला फार वाईट वाटलं, आणि मला वाईट वाटलं की मी कामाला लागते. सत्तर ते नव्व्याण्णवचा तक्ता केला, फोटो काढून पाठवला आणि म्हटलं, कागदावर उतरवून घे आणि घोक. तिनं घोकलं. पण वर्गात ऐकायचं फ्रेंच, मनात तक्ता उघडायचा, त्यातून मराठी काढायचं, मग आकडा लिहायचा. इतकं होईस्तोवर बाईंची टकटक होऊन जायची. डिसेंबर उजाडला, तरी पाटी कोरीच होती.

तिसऱ्या की चौथ्या बुधवारी शिकवणी चालू असतानाच भाजीवाली मावशी आली. ही मावशी माळ्याची, गावाबाहेर त्यांचा मळा आहे, आणि आमच्या गल्लीत ती पंधरा-वीस वर्षं टोपली घेऊन येते. सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी सुकलेली आहे असं मी म्हणायचं आणि तिनं "मॅडम, तुमची नजर सुकली" असं म्हणायचं, हे आमचं ठरलेलं. त्या दिवशी ती लोणच्यासाठी लिंबं घेऊन आली होती. मी शंभर सांगितली होती. मी नातीला म्हटलं, "थांब दोन मिनिटं," फोन मिठाच्या बरणीला टेकवून ठेवला आणि वऱ्हांड्यात मावशीसमोर बसले.

मावशी मोजते ते असं. एका मुठीत पाच लिंबं. चार मुठी पोत्यावर टाकल्या की वीस झाली, म्हणजे एक इसा, हे ती मोठ्यानं म्हणते. मग टोपलीतून एक हिरवी मिरची काढून बाजूला ठेवायची. पुन्हा चार मुठी, पुन्हा एक मिरची. कोणी मध्येच बोललं, भांडलं, भाव विचारला, तरी मोजणी चुकत नाही, कारण मिरच्या जिथल्या तिथं असतात. आमच्या सासूबाईही असंच मोजायच्या. त्यांना वय विचारलं तर "तीन इसा न दहा" म्हणायच्या. माझ्या शाळेतली पोरंही घरून हेच शिकून यायची, आणि मी तीस वर्षं त्यांच्या तोंडून हे इसे काढण्यात घालवली.

लिंबं संपली. मावशीनं मिरच्यांकडे पाहिलं, उरलेल्या लिंबांकडे पाहिलं आणि म्हणाली, "चार इसा न अकरा. शंभरले नऊ कमी पडले, मॅडम."

"एक्क्याण्णव म्हणा मावशी. किती वर्षं सांगू?" माझी सवय.

तेवढ्यात बरणीजवळून किंकाळी आली. मला वाटलं, पोरगी खुर्चीवरून पडली.

"आजी! ती आजी फ्रेंच बोलून राहिली!"

मी फोन उचलला. थोरली उभी राहून नाचत होती. "पुन्हा म्हणायला सांग! चार वीस अकरा! आमच्या बाई अगदी असंच म्हणतात!"

मावशीनं विचारलं, "कोन हाये वो थे?"

"माझी नात. फ्रान्सला असते. तिकडचे लोक ऐंशीला चार वीस म्हणतात, पोरीला ते जमत नाही."

मावशीनं पदरानं हात पुसले आणि फोन माझ्या हातातून घेतला. "म्हंजे थेबी इसानंच मोजते? मंग शिकलेले लोक दिसतेत." हे वाक्य तिनं माझ्याकडे बघत म्हटलं. घरातून ह्यांच्या खोकल्याचा आवाज आला. खोकला खरा नव्हता.

मग माझ्या वऱ्हांड्यात, माझ्या नातीला, मावशीनं शिकवलं. मी बाजूला बसून लिंबं धुतली. "हे पाय माय, एक मिरची म्हंजे एक इसा. चार मिरच्या ठेवल्या. आता कितीबी लिंबं टाक, मिरच्यायले हात लावाचा नाई. चार मिरच्या न सतरा लिंबं, सांग बरं?" पोरगी डोळे मिटून म्हणाली, "सत्याण्णव." मराठीतून नाही, फ्रेंचमधून नाही, समोरच्या मिरच्यांमधून ती उत्तरं काढत होती. माझा तक्ता तिच्या टेबलावर पडला होता आणि त्याच्यावर तिनं चहाचा कप ठेवला होता.

मला राग आला का? आला. तीस वर्षांची शिक्षिका बाजूला बसून लिंबं धुते आहे आणि पाचवीसुद्धा न शिकलेली बाई तिच्या नातीला फ्रेंच संख्या शिकवते आहे. पण पोरगी दोन महिन्यांनी पहिल्यांदा हसत होती, तेव्हा राग गिळून मी मावशीसाठी चहा टाकला.

पुढच्या बुधवारी मावशी स्वतःच चारच्या ठोक्याला आली. भाजी नंतर. आधी, "लाव फोन."

आणि मग घोटाळा झालाच. हा घोटाळा सगळ्या फ्रान्समध्ये फक्त आमच्याच पोरीच्या हातून होऊ शकला असता. फ्रेंच लोक इसानं मोजतात खरे, पण फक्त ऐंशीपासून पुढे, आणि सत्तरीतही साठावर दहा-अकरा चढवतात. चाळीसला त्यांचा साधा चाळीस आहे, साठला साधा साठ. मावशीकडे असा भेदभाव नाही. तिच्याकडे दोन मिरच्या म्हणजे दोन इसा, तीन मिरच्या म्हणजे तीन इसा. पोरीला वाटलं, आता किल्ली सापडली. दुसऱ्या दिवशी वर्गात बाईंनी फळ्यावर चाळीस लिहून वाचायला सांगितलं, आणि दोन महिने मुकी असलेली माझी नात हात वर करून मोठ्यानं फ्रेंचमध्ये म्हणाली, "दोन-वीस."

वर्ग पुन्हा खिदळला.

मुलीनं हे फोनवर सांगितलं तेव्हा मी खुर्चीत बसले. नाताळला आठ दिवस होते. आता ही पाटी आयुष्यात पुन्हा उचलायची नाही, असं वाटलं. वर मुलगी म्हणाली, "आई, उद्या बाईंनी मला पुन्हा बोलावलं आहे." म्हणजे संपलंच. मी ह्यांना म्हटलं, "पोरीला माझ्यामुळे खाली बसावं लागणार." मला ह्यांच्याकडून "नाही गं" अशी अपेक्षा होती. हे म्हणाले, "मावशीमुळं. तुह्यामुळं तर पयलेच बसली असती." पण त्यांनी त्या दिवशी पेपर उघडला नाही, हेही मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मुलीचा फोन येईपर्यंत मी एक्क्याण्णव लिंबांच्या फोडी केल्या. मीठ किती घातलं ते आठवत नाही. ते लोणचं पुढे कोणी खाल्लं नाही.

फोन आला. वर्गात झालं होतं ते असं. सगळे हसल्यावर थोरली रडली नाही. ती चिडली. तो चिडका स्वभाव कुणाकडून आला ते मी सांगायला नको. मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये, हातवारे करत, ती बाईंना म्हणाली, चार वीस चालतात, मग दोन वीस काहून नाही? साठाला तीन वीस काहून नाही? पाटीवर तिनं दोन मिरच्या काढल्या, मग तीन, मग चार, आणि तीनच्या आणि दोनच्या पुढे भलंमोठं प्रश्नचिन्ह. बाईंनी आधी विचारलं, या काय भाज्या आहेत का? मग त्यांना समजलं. मुलीला त्यांनी सांगितलं, "मी इतकी वर्षं शिकवते आहे, मला हे कोणी विचारलं नव्हतं आणि मला उत्तर येत नाही. जी मुलगी असं विचारते तिला मी खाली कशी पाठवू?" मात्र पाटी वर करण्याआधी भाज्या पुसायच्या, एवढी अट त्यांनी घातली.

थोरली आपल्याच वर्गात राहिली. एकदम पहिली वगैरे आली नाही. शाब्दिक उदाहरणं वाचताना तिची अजून तारांबळ उडते, भागाकार मात्र ती आता उजवीकडे भाजक ठेवून सफाईनं करते आणि मी तोंड बंद ठेवते. मावशीला बातमी सांगितली तेव्हा तिनं मला कढीपत्ता फुकट दिला आणि म्हणाली, "पोट्टी भांडली म्हून वाचली."

सुट्टीनंतरच्या पहिल्या बुधवारी फोन लागला. मावशी अजून यायची होती. थोरली खुशीत होती. तिच्या शेजारी नवी मुलगी आली आहे, कुठल्याशा दुसऱ्या देशातली, आणि तिनंही पहिल्याच दिवशी ४२० लिहिलं. "मी तिला मिरच्या शिकवल्या," थोरली म्हणाली. मग सहज, पेनचं टोपण चावत तिनं विचारलं, "आजी, तुझ्या वर्गात कोणी चार इसा म्हटलं तर तू काय करायचीस?"

खोटं बोलणं सोपं होतं. तिला पडताळून पाहायला कोणी तिथं नव्हतं. पण ती फोनमधून सरळ माझ्याकडे बघत होती.

"एक मुलगी होती," मी म्हणाले. "चौथीत. पंच्याऐंशीला चार इसा पाच म्हणायची. कितीदा सांगितलं, ऐकायची नाही. मी तिला दुसरीच्या वर्गात नेऊन बसवलं."

थोरलीनं टोपण तोंडातून काढलं. "किती दिवस?"

"दिवाळीपर्यंत."

"मग वर आली?"

"दिवाळीनंतर ती शाळेतच आली नाही."

थोरलीनं टोपण पेनला लावलं. मग तिनं विचारलं, "तिनं तुला काहून म्हणून विचारलं नाही का, आजी?"

"विचारलं होतं," मी म्हणाले. "मी तिला गप्प बस म्हटलं."